बर्फाच्या काठावरची खनिजे : प्रस्तावना

ग्रीनलंडच्या खनिजांचा पहिला मोठा अभ्यास ज्याने केला तो मुळात नाटकमंडळीतला माणूस. कार्ल लुडविग गीसेके व्हिएन्नात शिकानेडरच्या मंडळीत काम करीत असे. मोत्सार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’ या संगीतिकेचा पहिला प्रयोग १७९१ मध्ये झाला, तेव्हा त्यातल्या एका गुलामाची किरकोळ भूमिका त्याच्या वाट्याला आली होती. पुढे त्याला दगडांचा नाद लागला. १८०६ मध्ये तो दोन-अडीच वर्षांच्या बेताने ग्रीनलंडला गेला आणि युरोपातल्या युद्धांमुळे १८१३ पर्यंत तिथेच अडकून पडला. इनुइटांच्या कातडी होड्यांतून किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडत त्याने नमुने जमवले. त्याने पाठवलेली एक खेप वाटेत युद्धाच्या धामधुमीत पकडली गेली आणि एडिंबरोला विकायला निघाली. थॉमस ॲलन या हौशी खनिजसंग्राहकाने ती घेतली. तिच्यातल्या एका काळपट, जड खनिजाची ओळख पटेना, म्हणून ते रसायनशास्त्रज्ञ थॉमस थॉमसन यांच्याकडे गेले. १८१० मध्ये त्यांनी ते नवे खनिज म्हणून जाहीर केले आणि त्याला ‘ॲलनाइट’ हे नाव दिले. त्यात सीरियम होते.

सीरियम हे आज ज्यांना आपण ‘रेअर अर्थ’ म्हणतो त्या मूलद्रव्यांपैकी एक. म्हणजे ज्या संपत्तीचा शोध जणू कालपरवा लागला अशा थाटात बातम्या येतात, तिचे एक खनिज ग्रीनलंडमधून युरोपात पोचून दोनशे वर्षे उलटून गेली आहेत. आणि तरीही ग्रीनलंडमध्ये रेअर अर्थची एकही खाण आजवर चाललेली नाही. खनिज माहीत असणे आणि खाण चालणे यांच्यामध्ये एवढे अंतर का पडावे, हा या विषयाचा गाभा आहे असे मी मानतो. पुढची सारी प्रकरणे कोणत्या ना कोणत्या वाटेने याच प्रश्नाकडे येतात.

हे पुस्तक भूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, पण केवळ त्यांच्यासाठी नाही. दहावीपर्यंतचा भूगोल आठवत असेल आणि नकाशा पाहायची सवय असेल, तर कोणालाही यात शिरता येईल. परिभाषेची धास्ती बाळगू नये. लेखकांनी विश्वकोशातल्या संज्ञा जिथे रुळल्या आहेत तिथे त्या घेतल्या आहेत. जिथे आपल्या महाविद्यालयांत इंग्रजी नावच तोंडी बसले आहे तिथे ते देवनागरीत ठेवले आहे. डाइकला डाइकच म्हटले आहे, आणि ते बरे केले आहे.

आधी एक गैरसमज बाजूला करू. बर्फ वितळतो आहे, त्यामुळे खालची खनिजे उघडी पडत आहेत, असे चित्र नेहमी रंगवले जाते. ग्रीनलंडचा सुमारे ८० टक्के भाग हिमस्तराखाली आहे आणि मध्यभागी हा बर्फ तीन किलोमीटरपर्यंत जाड आहे. त्याच्याखाली खाण काढायला कोणी जात नाही. खनिजशोध चालतो तो कडेच्या पट्ट्यात, आणि हा पट्टा बहुतांशी हजारो वर्षांपासून उघडाच आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४ लाख १० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे सबंध महाराष्ट्राहून एक लाखाने अधिक. तिथे राहणारी माणसे मात्र ५७ हजारांच्या आसपास. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता जवळजवळ नाहीच. जायचे ते बोटीने, विमानाने, हेलिकॉप्टरने, नाहीतर हिवाळ्यात उत्तरेकडे कुत्र्यांच्या घसरगाडीने.

उलट, भूवैज्ञानिकाला हवे ते तिथे भरपूर आहे. आपल्याकडे कोकणात जांभ्याखाली आणि झाडोऱ्याखाली मूळ खडक शोधताना जीव मेटाकुटीला येतो. तिथे हिमनद्यांनी माती खरवडून नेली आहे, झाडे नाहीत, फ्योर्डचे कडे हजार-हजार मीटर उंच उभे कापलेले आहेत. खडकांचे इतके सलग दृश्यांश जगात फार थोड्या ठिकाणी मिळतात. म्हणूनच खडक वाचण्याच्या शास्त्रातले काही महत्त्वाचे धडे या बेटावर गिरवले गेले.

त्यातला एक व्हिक मॅकग्रेगर यांचा. हे न्यूझीलंडचे भूवैज्ञानिक १९६० च्या दशकात राजधानी नूकच्या आसपास नकाशे तयार करीत होते. तिथला करडा नाइस खडक दिसायला सगळीकडे एकसारखा. पण काही नाइसला काळ्या डाइकांनी, म्हणजे तड्यांत शिरून थिजलेल्या शिलारसाच्या भिंतींनी, जागोजाग छेदले होते आणि काहींत त्यांचा मागमूस नव्हता. ज्यांत डाइक आहेत ते नाइस डाइकांच्या आधीचे, ज्यांत नाहीत ते नंतरचे. एवढ्या एका निरीक्षणावरून त्यांनी दोन वेगळे काळ वेगळे काढले आणि जुना नाइस फारच जुना असला पाहिजे, असे आग्रहाने मांडले. ऑक्सफर्डमध्ये स्टीफन मूरबाथ यांनी किरणोत्सर्गी समस्थानिकांवरून त्याचे वय काढले, ते ३७० कोटी वर्षांच्या घरात गेले. १९७० च्या दशकाच्या आरंभी हा पृथ्वीवरचा सर्वांत जुना ज्ञात खडक ठरला. पुढे कॅनडात त्याहून जुने खडक सापडले, पण पद्धतीचे मोल त्याने कमी होत नाही. प्रयोगशाळेने आकडा दिला खरा. कोणत्या खडकाला तो प्रश्न विचारायचा हे मात्र डोळ्यांनी आणि पायांनी ठरवले होते. विद्यार्थ्यांनी हे प्रकरण दोनदा वाचावे.

त्याच परिसरात, नूकच्या ईशान्येला सुमारे १५० किलोमीटरवर, इसुआ आहे. तिथे मॅग्नेटाइट आणि गारेचे पट्टे आलटून-पालटून असलेला लोहखडक आहे. गडचिरोलीच्या सुरजागडचे लोहखनिज ज्या जातीच्या खडकांशी निगडित आहे त्याच पट्टेदार जातीचा, पण वयाने कितीतरी जुना. याचा एक भाग खरोखरच बर्फाच्या काठाखाली जातो, तेव्हा वर मी जे ठासून सांगितले त्याला हा सन्माननीय अपवाद. २०१३ मध्ये लंडन मायनिंग या कंपनीला इथे खाणीचा परवाना मिळाला. वर्षभरात लोखंडाचे भाव कोसळले, कंपनीची सिएरा लिओनमधली खाण इबोलाच्या साथीत सापडली आणि २०१४ मध्ये कंपनी बुडाली. परवाना हाँगकाँगच्या एका कंपनीकडे गेला. तिनेही काही हालचाल केली नाही, म्हणून २०२१ मध्ये सरकारने तो काढून घेतला. आर्क्टिकमधली खाण सुरूच झाली नाही ती पश्चिम आफ्रिकेतल्या साथीने आणि जागतिक बाजारातल्या भावाने. खनिज जागच्या जागी आहे.

मराठी वाचकाला सर्वांत ओळखीचा प्रदेश वाटेल तो पश्चिम किनाऱ्यावरचे डिस्को बेट. फोटोत पायऱ्यापायऱ्यांचे काळे डोंगर दिसतात, आणि वर बर्फ नसता तर कोणी साताऱ्याकडचे म्हणून खपवले असते. तिथला बेसाल्ट सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा, आपल्या दख्खनच्या लाव्ह्यानंतर थोड्याच काळाने आलेला. त्याच्या पोकळ्यांत आपल्या जळगाव-नाशिककडच्यासारखी झिओलाइटेही आहेत. पण डिस्कोच्या बेसाल्टमध्ये एक गोष्ट आहे जी आपल्याकडे नाही : धातुरूप लोखंड. १८७० मध्ये स्वीडनचा संशोधक नोर्डेनशल्ड याला किनाऱ्यावर लोखंडाचे प्रचंड गोळे सापडले, त्यांतला सर्वांत मोठा वीस टनांहून जड. त्याने त्या उल्का मानल्या, आणि तसे मानण्यात गैर काही नव्हते, कारण वायव्य ग्रीनलंडमध्ये केप यॉर्कला खरोखरच लोहउल्का होत्या आणि इनुइट लोक त्यांच्यापासून पात्यांच्या धारा बनवत असत. डेन्मार्कच्या के. जे. व्ही. स्टीनस्ट्रुप यांना मात्र बेसाल्टच्या आतच लोखंडाचे कण रुतलेले आढळले. म्हणजे लोखंड आकाशातून आलेले नव्हते. वर येणारा शिलारस कार्बनयुक्त गाळाच्या थरांतून गेला होता आणि त्या कार्बनने लोहाच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेतला होता.

हा प्रकार नुसत्या कुतूहलाचा नाही. शिलारसाने गाळाच्या खडकांतून कार्बनबरोबर गंधकही उचलले, तर त्यातले निकेल, तांबे आणि प्लॅटिनम गटातले धातू सल्फाइडच्या रूपाने वेगळे होऊन एका जागी साठू शकतात. सायबेरियातला नोरिल्स्कचा विख्यात साठा असाच बनला. डिस्को आणि शेजारच्या नूसुआकमध्ये कंपन्या गेली काही दशके तेच शोधत आहेत. दख्खनच्या बेसाल्टखाली तसे काही असेल का, हा प्रश्न आपल्याकडेही विचारला गेला आहे. खाणीजोगे काही अजून हाती लागलेले नाही. डिस्कोवर काय चुकते आणि काय जुळते हे समजून घेतल्यास आपला प्रश्नही अधिक नेमका विचारता येईल. माझ्या मते महाराष्ट्रातल्या भूवैज्ञानिकाने ग्रीनलंडकडे पाहण्याचे हे सर्वांत सबळ कारण.

आता दक्षिणेकडे. नार्साक गावाजवळचे इलिमाउसाक हे खनिजशास्त्राचे तीर्थस्थान आहे. सुमारे ११६ कोटी वर्षांपूर्वी, कवच ताणले जाऊन फाटत असताना, सोडियमने गच्च भरलेला शिलारस तिथे कवचात शिरला आणि सावकाश थिजला. नेहमीच्या शिलारसात जी मूलद्रव्ये तुरळक असतात, आणि ज्यांना नेहमीच्या खनिजांच्या जाळीत जागा मिळत नाही, ती शेवटपर्यंत द्रवातच राहतात. इथे ती इतकी साचली की त्यांची स्वतंत्र खनिजे बनली. दोनशेहून अधिक खनिजे इथे नोंदली गेली आहेत, त्यांतली कित्येक जगात पहिल्यांदा इथेच सापडली. सोडालाइट गीसेकेच्या नमुन्यांतून ओळखले गेले. टग्टुपाइट हे गुलाबी खनिज अंधारात फिके पडते आणि उन्हात ठेवले की पुन्हा गडद होते. डॅनिश भूवैज्ञानिक उस्सिंग यांनी या भागाचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९१२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी निघाला आणि आजही त्याला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

या एकाच अंतर्वेशी खडकसमूहात रेअर अर्थचे दोन मोठे साठे आहेत, आणि दोघांची कहाणी वेगळी आहे. दक्षिणेच्या अंगाला, टॅनब्रीझ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साठ्यात, काळे, तांबडे आणि पांढरे थर एकावर एक पुन्हापुन्हा आलेले दिसतात. तांबडा थर युडिआलाइटचा. त्यात युरेनियम व थोरियम कमी, ही जमेची बाजू. अडचण रसायनाची : आम्लात विरघळवायला गेले की त्यातल्या सिलिकाची लापशी होते आणि गाळणे मुश्कील होऊन बसते. युडिआलाइटपासून व्यापारी प्रमाणावर रेअर अर्थ काढण्याचे काम जगात अजून कुठेही सुरू झालेले नाही. उत्तरेकडचा क्वानफेल्ड, ग्रीनलंडच्या भाषेत कुआनेर्सुइट, याचे मुख्य खनिज स्टीनस्ट्रुपाइन. डिस्कोच्या लोखंडाचे कोडे सोडवणाऱ्या स्टीनस्ट्रुप यांच्याच नावाचे. त्यात रेअर अर्थच्या जोडीला युरेनियमही आहे. १९५० च्या दशकात डेन्मार्कला हवे होते ते युरेनियमच. नील्स बोर स्वतः १९५७ मध्ये तिथे जाऊन आले. १९७९-८० मध्ये जवळपास एक किलोमीटरचा बोगदा खणून खनिज डेन्मार्कच्या रिसो प्रयोगशाळेत नेले गेले. पुढे डेन्मार्कने अणुवीजच नको म्हटले आणि तो विषय मिटला. मिटला असे तेव्हा वाटले, इतकेच.

या बेटावर खाणी चालल्याच नाहीत असे नाही. इविटुटच्या क्रायोलाइटची खाण १८५० च्या दशकात सुरू झाली ती १९८७ पर्यंत चालली. क्रायोलाइट दिसायला बर्फासारखे. त्याचा प्रकाशाचा वक्रीभवनांक पाण्याच्या इतका जवळ आहे की त्याची पूड पाण्यात टाकली तर जवळजवळ दिसेनाशी होते. आरंभी ते सोडा बनवायला वापरत. १८८६ मध्ये विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम काढण्याची रीत सापडली, तीत ॲल्युमिना विरघळवायला वितळलेले क्रायोलाइट लागे, आणि एका कोपऱ्यातल्या फ्योर्डचे भाग्य फळफळले. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी ॲल्युमिनियम हवे होते, म्हणून जर्मनीने डेन्मार्क घेतल्यावर अमेरिकेने या खाणीचे रक्षण केले. त्यानंतर कृत्रिम क्रायोलाइटने बाजार व्यापला आणि खनिजही संपत आले. ही खाण इतकी चालली त्याची कारणे साधी होती : साठा अगदी समुद्राला लागून, खनिज जवळजवळ जगात दुसरीकडे न मिळणारे, आणि त्याला ठरलेले गिऱ्हाईक. ग्रीनलंडमधल्या कोणत्याही नव्या प्रस्तावाला मी या तीन कसोट्या लावून पाहतो, आणि बहुतेक प्रस्ताव निदान एकीवर तरी अडतात.

मार्मोरिलिकची ‘ब्लॅक एंजल’ खाण १९७३ ते १९९० अशी चालली. शिसे आणि जस्त. संगमरवराच्या उभ्या कड्यात सुमारे ६०० मीटर उंचीवर खाणीचे तोंड, आणि फ्योर्ड ओलांडून माणसे व खनिज ने-आण करायला हवेतला दोरमार्ग. अभियांत्रिकीची कमालच. पण धातू काढून उरलेला चुरा फ्योर्डच्या पाण्यात सोडला जाई. तो तळाशी निवांत पडून राहील असा अंदाज होता; प्रत्यक्षात शिसे आणि जस्त पाण्यात उतरले, शिंपल्यांत आणि समुद्री शेवाळात सापडू लागले. खाण बंद झाल्यावरही कित्येक वर्षे मोजमाप करावे लागले. डिस्कोवरच्या कुलिसाट या कोळशाच्या गावाची गोष्ट निराळी. १९२४ पासून चाललेली ती खाण १९७२ मध्ये बंद करण्यात आली आणि हजाराहून अधिक माणसांचे ते गाव उठवून लोकांना इतरत्र पांगवले गेले. निर्णय दुसरीकडे झाला, विस्थापन यांच्या वाट्याला आले. १९७० च्या दशकात स्वायत्ततेची जी चळवळ उभी राहिली, तिच्या आठवणीत कुलिसाट आहे. आपल्याकडे धरणांखाली गेलेल्या गावांच्या माणसांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

१९७९ मध्ये गृहशासन आले, २००९ मध्ये स्वशासन, आणि २०१० पासून खनिजांचा कारभार ग्रीनलंडकडे आला. त्यात एक अट मोठी विचार करायला लावणारी आहे : खनिजांपासूनचे वार्षिक उत्पन्न साडेसात कोटी क्रोनरच्या वर गेले, की वरच्या रकमेच्या निम्म्याएवढी कपात डेन्मार्कच्या वार्षिक अनुदानात होते. म्हणजे खाणी हा स्वातंत्र्याचा मार्ग आहे, आणि मार्गावर पुढे जाताना जुना आधार सुटत जातो. या पार्श्वभूमीवर युरेनियमचे राजकारण वाचावे. १९८८ पासूनची युरेनियमबंदी संसदेने २०१३ मध्ये १५ विरुद्ध १४ मतांनी उठवली. क्वानफेल्ड पुन्हा चर्चेत आला. २०२१ च्या निवडणुकीत खाणीला विरोध करणारा इनुइट अताकातिगीत हा पक्ष जिंकला आणि त्याच वर्षी युरेनियमवर पुन्हा कायद्याने मर्यादा आली. क्वानफेल्डची खाण काढू पाहणारी कंपनी लवादात गेली. नार्साक हे मेंढपाळांच्या आणि मासेमारांच्या मुलखातले छोटे गाव. क्वानफेल्डच्या खडकात फ्लोरिनचे एक खनिज पाण्यात विरघळणारे आहे, हे तिथल्या लोकांना पाठ्यपुस्तकातून कळलेले नाही. बाहेरच्या काही लेखांत या विरोधाला ‘अडाणीपणा’ म्हटलेले मी वाचले आहे. ते लिहिणाऱ्यांनी मार्मोरिलिकचे अहवाल पाहिलेले नसावेत.

प्रत्यक्ष शोध कसा चालतो, याला पुस्तकाचा मोठा भाग दिला आहे, तेव्हा इथे थोडक्यात. हंगाम जूनअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. विमानातून चुंबकीय मोजणी, ओढ्यांच्या गाळाचे नमुने, हिमनदीने वाहून आणलेल्या गोट्यांचा मूळ जागेपर्यंत मागोवा, मग ड्रिलिंग. यातल्या प्रत्येक पायरीला इंधन लागते आणि ते हेलिकॉप्टरने न्यावे लागते. त्यामुळे तिथे अर्धवट विचार करून मारलेले बोअर फार महाग पडते. जुन्या सर्वेक्षणांचा सगळा ठेवा, १९४६ मध्ये स्थापन झालेल्या ग्रीनलंडच्या सर्वेक्षण संस्थेपासून आजच्या ‘गेउस’पर्यंत, जपून ठेवलेला आहे. एक प्रथा मला फार आवडते. १९८९ पासून ‘उजारासिओरित’ नावाचा उपक्रम चालतो : शिकारीला, मासेमारीला गेलेल्या कोणालाही वेगळा दगड दिसला तर त्याने तो पाठवावा, सरकार तो तपासते आणि चांगल्या नमुन्यांना बक्षीस देते. ज्यांचे पाय त्या जमिनीवर वर्षभर असतात त्यांचे डोळे शास्त्राच्या कामी लावणे, यापेक्षा शहाणपणाची योजना मला सुचत नाही.

आकड्यांविषयी एक सूचना. २०२३ मध्ये गेउसने दाखवून दिले, की युरोपीय संघ ज्या ३४ कच्च्या मालांना कळीचे मानतो त्यांपैकी २५ ग्रीनलंडमध्ये आढळतात. हा आकडा तेव्हापासून सर्वत्र फिरतो आहे. ‘आढळतात’ एवढाच त्याचा अर्थ. आढळलेले खनिज, ड्रिलिंगने अंदाजलेला साठा आणि आजच्या भावात, आजच्या तंत्राने, परवान्यासह काढता येईल असा साठा, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१९ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी हे बेट विकत घेण्याची भाषा केली तेव्हापासून या तिन्हींची सरमिसळ रोज वाचायला मिळते. प्रत्यक्षात आज चालू असलेल्या खाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. दक्षिणेतली नालुनाकची सोन्याची खाण २००४ मध्ये सुरू झाली, २०१३ मध्ये बंद पडली आणि २०२४ मध्ये नव्या कंपनीने तिथून पुन्हा सोने ओतले. तिचे यश किती टिकते ते पाहावे लागेल.

भारताचे आर्क्टिकमधले काम स्वालबार्डमधल्या ‘हिमाद्री’ केंद्रातून २००८ पासून चालते, आणि त्याचे नियोजन होते ते गोव्यात, वास्कोच्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात. तिथे भर आहे हवामान, हिमनद्या आणि सागरावर; खनिजशास्त्राकडे वळणारे विद्यार्थी थोडे. खरे तर दुवे आहेत. वायव्य ग्रीनलंडमध्ये मोरिउसाकच्या किनाऱ्यावर इल्मेनाइटची काळी वाळू आहे, ती तिथल्या डोलेराइटमधून झिजून आलेली. रत्नागिरीची काळी वाळूही इल्मेनाइटचीच आणि दख्खनच्या बेसाल्टमधून आलेली. लाटांनी जड कण वेचून ठेवण्याची क्रिया दोन्हीकडे एकच, हवामान टोकाचे वेगळे. अशा दोन किनाऱ्यांची शेजारी शेजारी तुलना एखाद्या विद्यार्थ्याने हाती घ्यावी. त्याला लागणारी अर्धी सामग्री घरापासून एका दिवसाच्या एसटी प्रवासावर आहे.

पुस्तक कोणत्याही क्रमाने वाचले तरी चालेल, पण एक विनंती करतो. बातम्यांमुळे बहुतेक वाचक थेट रेअर अर्थचे प्रकरण उघडतील. त्यांनी त्याआधी निदान क्रायोलाइटचे आणि मार्मोरिलिकचे प्रकरण वाचावे, आणि ग्रीनलंडचा एक चांगला भूवैज्ञानिक नकाशा शेजारी उघडा ठेवावा. गेउसचे नकाशे इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात.